बसलेली गाडी उचलताना: टॉर्शन बारची झीज आणि जुळणी

जुनी गाडी एका अंगावर कलली की बहुतेकांचा पाना थेट टॉर्शन बारच्या बोल्टवर जातो. दोन-चार फेरे आवळले की गाडी वर येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. काही दिवसांत ती पुन्हा कलते, शिवाय खड्ड्यातून बाहेर पडताना पुढून ठोकाही ऐकू यायला लागतो. बोल्ट आवळल्याने बारमध्ये ताकद येत नाही. बार जिथून पिळायला लागतो ती जागा फक्त सरकते. आणि गाडी बसली असेल तर बहुतेक वेळा झिजलेलं असतं ते बारच्या आजूबाजूचं: बुश (सांध्यातली रबरी नळी), स्प्लाइनचे म्हणजे बारच्या टोकावरचे दाते, लिव्हर (बोल्ट ज्याला रेटून बारचं टोक फिरवतो तो दांडा), नाहीतर बार जिथे धरलाय तो पत्रा. म्हणून आम्ही बोल्टला हात लावतो तो सगळ्यात शेवटी. खालचं लिखाणही त्याच क्रमाने आहे.

टॉर्शन बार म्हणजे पिळाची स्प्रिंग. लांब पोलादी कांब, एक टोक चॅसीत पक्कं, दुसरं चाकाच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला. चाक वर गेलं की कांब पिळते आणि पीळ सोडवायला चाकाला खाली रेटते. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३४च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अ‍ॅव्हांला ती मिळाली, आणि पुढे फोक्सवॅगन बीटल, मॉरिस मायनर, रेनॉ ४, जग्वार ई-टाइप, पोर्शे ९११ अशा कितीतरी गाड्या तिच्यावर चालल्या. बारची ताठरता त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते आणि लांबीने घटते. २० मिमीचा बार काढून २१ मिमीचा घातला, तर तो दिसायला तसाच, पण २१ टक्क्यांहून जास्त ताठर होतो. बोल्ट फिरवून जाडीही बदलत नाही आणि लांबीही. म्हणून खरोखर थकलेला बार बोल्टने तरुण होत नाही.

आधी मोजमाप. गाडी सपाट जमिनीवर हवी. डोळ्याला सपाट दिसणारी फरशीसुद्धा चाकाखाली १०-१५ मिमीने फसवते. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांच्या जागा एका पातळीत आहेत का ते बघावं, आणि कमी असेल तिथे पत्र्याचे तुकडे सारावेत. चारही टायर एकाच मापाचे, हवा पुस्तकात दिली आहे तेवढी, टाकीतलं इंधन ठरलेल्या पातळीला, डिकी रिकामी. अँटी-रोल बार असेल तर त्याची एका बाजूची लिंक सोडून ठेवायची. तो दोन्ही चाकं एकमेकांना बांधतो आणि एका बाजूचा दोष दुसरीकडे वाटून देतो.

मडगार्डच्या कडेपासून उंची मोजणं सोपं असलं तरी जुन्या गाडीत ते माप खरं मानू नये. पत्रा कधीतरी ठोकलेला असतो, मडगार्ड बदललेलं असतं. त्यापेक्षा खालच्या आर्मच्या आतल्या पिव्होटच्या (आर्म ज्याभोवती फिरतो त्या खिळीच्या) मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यावं, बाहेरच्या बॉल जॉइंटच्या (चाकाजवळच्या गोळ्याच्या सांध्याच्या) मध्यापासूनचं घ्यावं आणि दोन्हींतला फरक लिहावा. टायर झिजलेला असला तरी या फरकावर परिणाम होत नाही. हेच दोन्ही बाजूंना करायचं.

मोजण्याआधी गाडी दोनदा दाबून हळूच वर येऊ द्यायची आणि माप घ्यायचं. मग बंपरला धरून उचलायची, हळूच खाली सोडायची आणि पुन्हा मोजायची. दोन्हींची सरासरी ही खरी उंची. पण या दोन मापांतलं अंतर सरासरीइतकंच बोलकं असतं. ते ४-५ मिमी असेल तर सांधे मोकळे आहेत. १५-२० मिमी निघालं तर कुठेतरी बुश अडकला आहे, किंवा ग्रीसशिवाय सुकलेला सांधा आर्मला धरून ठेवतोय. अशा गाडीत बोल्ट फिरवून आलेली कोणतीही उंची दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

आणखी एक चाचणी पाच मिनिटांत होते आणि पुष्कळ चुकीचं काम वाचवते. पुढची डावी बाजू खाली दिसते म्हणून दोष पुढच्या डाव्या बारमध्येच असेल असं नाही. मागचा एक कोपरा बसला तरी पुढून गाडी कललेली दिसते. मागचा भाग अगदी मधोमध, मजबूत क्रॉस मेंबरखाली (चॅसीच्या आडव्या तुळईखाली), एकाच जॅकवर थोडा उचलावा. आता मागची चाकं गाडीला कोणत्याही बाजूला झुकवू शकत नाहीत. पुढचा कल गेला तर दोष मागे, राहिला तर पुढे. ही फक्त बघण्याची चाचणी. एका जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही.

दोष कुठल्या बाजूला आहे ते कळलं की गाडी स्टँडवर घ्यायची, चाक काढायचं आणि सगळं धुऊन बघायचं. पहिली नजर बंप स्टॉपच्या, म्हणजे चाक फार वर गेलं की आर्म ज्यावर टेकतो त्या, रबरी ठोकळ्यावर. रबरावर आणि त्यासमोरच्या लोखंडावर चकचकीत घासल्याची खूण असेल तर गाडी बराच काळ तळाला आपटत चालली आहे. त्यानंतर आर्मचे बुश. सळई टेकवून आर्म हलवला की रबर आणि नळी यांच्यामध्ये फट उघडताना दिसते, कधी रबराची काळी भुकटी गळते. मॉरिस मायनरमध्ये खालचा आर्म आयबोल्टमधल्या (टोकाला कडं असलेल्या बोल्टमधल्या) रबरी बुशवर टेकलेला असतो. तो बुश चपटा झाला की बारच्या टोकाची जागाच सरकते आणि बार चांगला असूनही गाडी बसते. बीटलच्या मागे स्प्रिंग प्लेटच्या (बारच्या टोकावर बसून चाक धरणाऱ्या पोलादी पट्टीच्या) दोन्ही अंगांना जाड रबरी कड्या असतात. त्या विरघळल्यासारख्या मऊ होतात आणि प्लेट खाली येते. नवीन कड्या घालण्याआधी बारचे दाते बदलणं म्हणजे तेच काम दोनदा करणं.

मॉरिस मायनर वर घेतलेलीच असेल तर चाक वर-खाली धरून हलवून ट्रनियनचे (पुढचं चाक वळतं त्या आट्यांच्या सांध्याचे) आटे जरूर तपासावेत. त्यांना वेळेवर ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात आणि चालत्या गाडीचं पुढचं चाक निखळून खाली दुमडतं. उंचीच्या तक्रारीपेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.

प्यूजो २०५सारख्या गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलचा दोष वेगळा. तिथे ट्रेलिंग आर्म (चाक मागून ओढत नेणारा आर्म) सुयांच्या बेअरिंगवर फिरतो. सील फाटून पाणी शिरलं की सुया गंजतात आणि अ‍ॅक्सलच्या नळीत खड्डे पाडतात. मागून बघितलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलेला दिसतो, टायर आतल्या कडेने जातो. पुढे आर्म जागीच अडकतो. इथे टॉर्शन बार निर्दोष असतात. त्यांची जुळणी करत बसण्यात अर्थ नाही, बेअरिंग आणि नळी बघावी.

मग पत्रा. बारचं स्थिर टोक ज्या क्रॉस मेंबरमध्ये आहे तिथे जाड स्क्रूड्रायव्हरने जोर लावून टोचावं, लहान हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. खणखणीत आवाज चांगला, भद्द आवाज वाईट. आतून गंजलेला क्रॉस मेंबर हळूहळू वळतो आणि गाडीची उंची महिन्यागणिक थोडी थोडी कमी होत जाते. हे दिसलं की बाकी काम थांबवून आधी पत्र्याचं काम. गंजलेल्या पत्र्यात जास्त पीळ भरणं धोक्याचं.

हे सगळं ठीक निघालं तरच बार बाहेर काढायचा. इथे घाई करू नये. भारलेल्या बारमध्ये गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन पेलणारी ताकद साठलेली असते, आणि चाक पूर्ण लोंबकळत सोडल्यावरही बऱ्याच गाड्यांत थोडा पीळ शिल्लक राहतो. ज्या गाड्यांना जुळणीचा बोल्ट आहे तिथे चाक लोंबतं ठेवून बोल्ट सैल करायचा आणि फेरे मोजून कागदावर लिहायचे. दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांत मोठा फरक निघाला, समजा डावीकडे ९ आणि उजवीकडे २२, तर तो आकडाच सांगतो की आधी कुणीतरी दोष बोल्टने झाकला होता.

बीटलच्या मागे बोल्ट नाही. तिथे स्प्रिंग प्लेट एका ओतीव स्टॉपवर दाबून बसलेली असते. स्टॉपवरून सुटली की खाली झटक्याने येते, आणि त्या वाटेत हात असेल तर बोटं वाचत नाहीत. प्लेटच्या टोकाखाली जॅक लावून तिचा भार घ्यायचा. झाकणाच्या चार बोल्टपैकी समोरासमोरचे दोन काढून त्यांच्या जागी लांब बोल्ट बसवायचे, मग उरलेले दोन काढून लांब बोल्ट हळूहळू सोडायचे. झाकण निघालं की प्लेट लांब सळईने स्टॉपच्या ओठावरून बाहेर सरकवायची आणि जॅक उतरवत पीळ संपेपर्यंत खाली न्यायची. बार बाहेर ओढायला मडगार्डचे पुढचे काही बोल्ट काढून ते बाजूला करावं लागतं.

काढण्याआधी खुणा. बारच्या टोकाच्या सपाट तोंडावर आणि त्यासमोर लिव्हरवर रंगाची एक रेघ. बारच्या अंगावर पंच मारायचा नाही, छिन्नीने खूण करायची नाही, पाइप पाना लावायचा नाही. बार आयुष्यभर पीळ सोसतो. अंगावरचा केसाएवढा ओरखडासुद्धा तडा सुरू व्हायला पुरतो. दाते गंजून अडकले असतील तर आदल्या दिवशी गंजनाशक तेल सोडावं आणि टोकावर पितळी रॉड ठेवून ठोकावं. काही बारच्या टोकाला आट्याचं भोक असतं. त्यात बोल्ट घालून सरकत्या हातोड्याने ओढता येतं. टॉर्चने तापवायची सवय इथे सोडावी. उष्णतेने बारच्या पोलादाचं पाणी, म्हणजे दिलेला कडकपणा, उतरतो आणि बार नंतर ढिला पडतो किंवा तुटतो.

बाहेर आलेला बार फडक्याने पुसून उजेडात फिरवून बघायचा. दात्यांच्या मुळाशी लालसर तपकिरी, पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर समजावं की तिथे बार आणि लिव्हर एकमेकांवर घासत होते. फडक्याने ती निघते, पण खाली दात्याच्या एकाच अंगावर चकाकती पट्टी राहते आणि नख फिरवलं की तिच्या कडेला पायरी लागते. ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना येणारा ‘टक्’ असा एकच आवाज इथूनच येतो. पायरी नखाला लागली तर बार आणि लिव्हर दोन्ही बदलावेत. एकच बदलला तर जुन्या दात्यांनी नवे दाते खाल्ले जातात.

अंगावरचा गंज दोन तऱ्हांनी मारतो. जाडी कमी होऊन बार ढिला पडतो: २० मिमीचा बार अर्धा मिमी गेला तर ताठरता सुमारे १० टक्क्यांनी कमी. पण खरी भीती खड्ड्याची. खोल खड्डा असलेला बार सांभाळत बसू नये, तो एखाद्या दिवशी मोठ्या आवाजाने तुटतो आणि तो कोपरा क्षणात बंप स्टॉपवर येतो. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने काढावा. आडवा पेपर मारला की आडव्या रेघा पडतात आणि पिळाखाली तडे तिथूनच सुरू होतात. नंतर रंगाचे दोन हात द्यावेत. दात्यांवर रंग नको, तिथे मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: डावा बार उजवीकडे घालणं. कारखान्यात बार मुद्दाम त्याच्या कामाच्या दिशेने जास्तीचा पिळलेला असतो, इतका की बाहेरचा थर कायमचा थोडा सरकतो. सोडल्यावर त्या थरात उलटा ताण राहतो, आणि पुढे गाडीचं वजन आलं की आधी हा उलटा ताण फिटतो, मग खरा ताण सुरू होतो. म्हणून बार टिकतो. बाजू बदलली की हाच उरलेला ताण वजनाच्या ताणात मिळतो. बार लवकर बसतो किंवा तुटतो. टोकावर बाण किंवा बाजूचं अक्षर असतं, ते तोंड साफ केल्याशिवाय दिसत नाही. वापरलेला बार तर कधीच दुसऱ्या बाजूला जाऊ नये. नवे बार घालायचे तर जोडीने.

बसवताना दात्यांचं गणित. बीटलच्या मागच्या बारला आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दात म्हणजे ९ अंश, बाहेर एक दात म्हणजे ८ अंश १० मिनिटांच्या जवळपास. नुसता एक दात सरकवला तर फार मोठी उडी होते. ४०० मिमी लांबीच्या आर्मवर ९ अंश म्हणजे चाकाजवळ ६० मिमीहून जास्त. पण दोन्ही टोकांना उलट दिशांनी सरकवलं की फक्त फरक उरतो: ०.८२ अंश, म्हणजे ५० मिनिटांच्या आसपास. ४०० मिमीच्या आर्मला ते जवळजवळ ५.७ मिमी. गाडी १५ मिमी उचलायची असेल तर १५ भागिले ४०० म्हणजे ०.०३७५ रेडियन, अंशांत २.१५. दोन पायऱ्यांनी ११ मिमी मिळतात, तीन पायऱ्यांनी १७. आम्ही अशा वेळी तीन घेतो, कारण नवे रबर थोडं दबतंच. दोन टोकांच्या दात्यांची संख्या वेगळी असलेल्या कोणत्याही बारला हीच रीत: ३६० ला दोन्ही संख्यांनी भागायचं आणि वजाबाकी करायची.

दिशा चुकू नये म्हणून एक लक्षात ठेवावं. गाडी वर हवी असेल तर वजनाशिवायची मोकळी प्लेट आधीपेक्षा जास्त खाली झुकायला हवी. म्हणजे आतलं टोक प्लेट खाली जाईल असं एक दात, आणि बाहेरची प्लेट एक दात वर. कोन मोजताना कोनमापक आधी दरवाज्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा, मग प्लेटच्या वरच्या कडेवर, आणि दोन आकडे वजा करायचे. गाडी स्टँडवर थोडी तिरकी असली तरी उत्तर बरोबर येतं. प्लेट वाचताना ती हाताने हलकेच वर धरून दात्यांमधला खेळ काढायचा. नाहीतर अर्धा अंश तिथेच चुकतो, आणि अर्धा अंश म्हणजे अर्ध्याहून जास्त पायरी. दोन्ही बाजूंचा कोन सारखा आला तरच झाकणं लावावीत.

प्यूजो २०५च्या मागे मोजायची रीत निराळी आहे. तिथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून त्याच्या जागी ठरलेल्या लांबीची सळई लावतात. आर्म त्यामुळे हव्या त्या स्थितीत धरला जातो आणि बार फिरवत फिरवत दोन्ही टोकांचे दाते एकदम बसतात ती जागा शोधायची. ती सापडते, मात्र एकेक दात पुढे नेत धीराने बघावं लागतं. जोराने ठोकून बसवलेला बार चुकीच्या दातात गेलेला असतो.

बोल्टवाल्या गाड्यांत जुळणी सोपी असते, तरी तिचीही शिस्त आहे. बोल्ट पूर्ण काढून तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, ग्रीस लावावं, लिव्हरमध्ये बोल्टचं टोक जिथे टेकतं त्या खोबणीतही लावावं. हवेची गन वापरू नये, भाराखालचे सुके आटे तिने सोलले जातात. एका फेऱ्याने किती उंची मिळेल ते आधी काढता येतं. आट्याची पिच (एका फेऱ्यात बोल्ट सरकतो ते अंतर) १.५ मिमी, लिव्हर १०० मिमी आणि आर्म ३५० मिमी असेल तर एका फेऱ्याला बॉल जॉइंटजवळ सव्वापाच मिमी. फिरवताना जॅकने भार काढायचा. अर्धा फेरा एका बाजूला, अर्धा दुसऱ्या, कारण एक कोपरा उचलला की समोरच्या कोपऱ्यावरचं वजनही बदलतं. शेवटचं माप नेहमी खालून वर येताना घ्यावं. उंची जास्त झाली तर सरळ मागे न येता गरजेपेक्षा दोन फेरे जास्त सोडायचे आणि पुन्हा वर यायचं. तसं केल्याने बुशचं घर्षण आणि आट्यांचा खेळ दर वेळी एकाच बाजूला राहतो. बोल्टचे आटे संपत आले आणि गाडी अजून खालीच असेल तर आणखी आवळू नये. लिव्हर एक दात पुढे घ्यावा आणि बोल्ट मधल्या जागी आणावा.

पुस्तकातल्या मापाच्या वर गाडी नेण्याचा मोह टाळावा. उंची वाढली की चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि दर खड्ड्याला रिबाउंड स्टॉप (चाकाला फार खाली जाऊ न देणारा अडथळा) वाजतो. सुरुवातीला म्हटलेला ठोका तो हाच. बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे टोकाच्या कोनात चालतात, तेही लवकर जातात.

रबरी बुशचे मुख्य बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं. पहिले काही दिवस ते गाडीला वर धरून ठेवतं, त्यामुळे जुळणी बरोबर वाटते. मग रबर फाटतं आणि गाडी बसते. बार नवा, बुश नवे आणि तरीही तक्रार परत, असं होतं तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

गाडी खाली घेतल्यावर चाकांखाली प्लॅस्टिकच्या दोन-दोन चकत्या आणि मध्ये ग्रीस ठेवावं, म्हणजे टायर जमिनीला चिकटून आर्म अडवत नाहीत. नाहीतर गाडी काही मीटर मागे-पुढे ढकलावी. अँटी-रोल बारची लिंक गाडी सपाट झाल्यावर जोडायची. ती जोर न लावता बसली पाहिजे. मग टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे चाकांचे कोन तपासून घ्यावेत, कारण उंची बदलली की तिन्ही बदलतात. बीटलच्या जुन्या स्विंग अ‍ॅक्सलवर (अर्धं अ‍ॅक्सल चाकासकट झुलतं अशा रचनेत) मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, उंचीबरोबर फारच झपाट्याने बदलतो. हेडलाइटचा झोतही नव्याने लावायचा.

नवे बार सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून फक्त तेच पुस्तकातल्या मापाच्या ५-६ मिमी वर ठेवतो. ५०० किमी झाल्यावर तीच जमीन, तेवढीच हवा आणि पिव्होट-बॉल जॉइंटचं तेच माप. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या असतील तर हात लावायचा नाही. एकच बाजू उतरली तर पुन्हा आधी बुश आणि पत्रा बघायचा, मग चेकनट (जुळणीचा बोल्ट सैल होऊ न देणारा नट) पक्का आहे का ते. उंची, फेरे आणि दात्यांच्या खुणा लिहिलेला कागद गाडीच्या कागदपत्रांतच ठेवतो, पुढच्या वेळी बोल्ट कुठे होता ते त्यावरून कळतं.